हरिबाच्या वडाच्या खताची व्यवस्था

मी, नाथाजी जोतीराम थोरात, वय वर्षे ५५, धंदा संस्कृत शिकवणे, राहणार सोमवार पेठ, कराड, जिल्हा सातारा, माझी बुद्धी शाबूत असताना, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बुद्धीबाबत पत्नी सौ. विजयमाला हिचे मत वेगळे आहे. ते तिने तोंडी नोंदवले आहे. येत्या मंगळवारी मिरजेस माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. मला काळजी एकाच गोष्टीची आहे, ती कलम पाचमध्ये येईल.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक सौ. विजयमालाची. बत्तीस वर्षांत पिठाच्या डब्यात तिला तीनदा मी झाडाच्या खतासाठी ठेवलेली शेंगदाण्याची पेंड सापडली. प्रत्येक वेळी तिने डबा बाहेर काढला, मला नाही. हे उपकार फिटणारे नाहीत.

२. कन्या सौ. लीला, माधवनगर, हिला माझे संस्कृत कोश. ती ते उघडणार नाही हे मी जाणतो. वाळवणाच्या चादरीच्या चार कोपऱ्यांवर ठेवायला ते उत्तम आहेत.

३. शेजारीण सुलाबाई यांना माझा रेडिओ, क्षमायाचनेसह. जुन्या पोथ्यांत झाडांसाठी मासळी कुजवून करायच्या कुणपजलाचा पाठ आहे. तो मी एकदा श्रद्धेने सिद्ध केला. सुलाबाई त्याच दुपारी माहेरी गेल्या. पूर्वसूरींना शेजारी नसावेत.

४. दिवाळीनंतर आटपाडीकडून मेंढरे घेऊन येणाऱ्या धोंडुबाईंना माझी नवी छत्री. दरसाल त्यांनी लेंड्यांचे पोते दिले, मोबदला घेतला नाही. "मास्तर, यवढ्याशा झाडाची यवढी चौकशी? आमची तरी कुनी करतंय का?" असे त्या विचारत. छत्री हे माझे उशिराचे उत्तर.

५. आता मुख्य विषय. मी मेढ्यास मास्तर असताना हवालदार हरिबा शेजारी राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर पलटणीबरोबर ते जपानात होते. तिथल्या एका म्हाताऱ्याकडून ताटलीत झाड वाढवण्याची विद्या आणि मेसमधला एक पितळी चमचा घेऊन परतले. भिंतीत उगवलेले वडाचे रोप त्यांनी ताटलीत लावले. ते आज एकतीस वर्षांचे असून जेमतेम हातभर उंच आहे. जाताना हरिबांनी ते माझ्या हाती दिले. म्हणाले, "उपाशी मारू नगा, मास्तर. आन् पोटभर बी घालू नगा. पोटभर खाल्लं की ह्ये झाड राहत न्हाई, नुसता वड हुतोय."

सन १९७१ मध्ये मी पेपर तपासायला पंधरा दिवस सांगलीस गेलो. माझे मेहुणे लालासाहेब मोहिते, नदीपलीकडचे ऊसवाले, बहिणीला भेटायला आले. वड बघून त्यांना दया आली आणि उसाला टाकतात तशी युरियाची एक मूठ त्यांनी ताटलीत टाकली. मी परतलो तेव्हा पाने कडेने करपून गळत होती.

"आवं दाजी, लय उपाशी दिसत हुतं वो," एवढेच ते बोलले. मी मात्र पुष्कळ बोललो, आणि वड उचलून धुण्याच्या दगडामागे टाकून दिला.

दुसऱ्या दिवसापासून लालासाहेब रोज पहाटे सायकलवरून येत, परसात बसून युरिया धुऊन जावा म्हणून तांब्या तांब्याने ताटलीतून पाणी निथळवत, आणि मी उठायच्या आत परत जात. खताला हात लावला नाही. एकोणिसाव्या दिवशी मला हाक आली, "दाजी, उठला बघा गडी!" फांदीवर लाल कोंब होता.

त्या दिवशी मी आभार मानले नाहीत. उलट सात वर्षे चारचौघांत त्यांना 'मूठवाले' म्हणत आलो. ते आभार आज लेखी मानतो.

६. सबब हरिबांचा वड आणि पितळी चमचा श्री. लालासाहेब मोहिते यांना. उपाशी झाडाची कीव कोणालाही येते. खत हाती असून एकोणीस दिवस न देणारा मी एकच पाहिला. पेंडीची भुकटी महिन्यातून एक चमचा, बुंध्यापासून लांब, आधी पाणी देऊन. मुळे छाटल्यावर महिनाभर काही नाही. थंडीत हात आवरावा.

७. सह्या होताना घडले ते जोडतो. लालासाहेब आपण होऊन साक्षीला आले, पेन उघडून बसले. आमच्या शाळेचे कारकून नानासो यांनी ते काढून घेतले.

"का? अजून राग हाय व्हय दाजी?" ते म्हणाले.

ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे सांगून नानासोंनी कलम पाच व सहा मोठ्याने वाचले. लालासाहेब उठून वडाजवळ गेले. मग चमचा हातात घेऊन त्यांनी एकच विचारले,

"दाजी, शीग लावून का सपाट?"

सपाट. माझी काळजी मिटली.

साक्षीदार:
१. अर्जुना रामू कुंभार (वडाच्या ताटल्या घडवणारे)
२. नानासो बापू यादव, शाळेचे कारकून

सही: नाथाजी जोतीराम थोरात
मुक्काम कराड, शनिवार, दि. ११ नोव्हेंबर १९७८