होडीचं बूच

१७ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

तुझे फोन मी उचलले नाहीत, निरोपालाही उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी माफ कर. होडीचं काम चालू आहे, हात दुखतात, असं आईकरवी कळवत राहिले. हात दुखतात हे खरं आहे, पण फोन उचलता येणार नाही इतके नाही. रोजनिशीत लिहून मन मोकळं करावं म्हटलं, तर प्रत्येक वाक्यात 'तो'च्या जागी 'तू' येऊ लागलं. तेव्हा वाटलं, जे तुला सांगायचं आहे ते वहीला कशाला सांगायचं?

तू म्हणाला होतास, पोरीला सुट्टीत आजोबांच्या होडीत फिरवायचं आहे. ताई, वरवर एक हात मारून ठेव, खरवडायच्या फंदात पडू नकोस, निळ्यावर निळा मार, बास. मी हो म्हणाले. पण शेडमध्ये जाऊन ताडपत्री काढली आणि ब्रश उचलवेना. रंगाला पोपडे आले होते, नखाने ओढले तरी निघत होते. असल्या रंगावर रंग चढवला तर बाबा म्हणाले असते, न्हाऊ न घालता नवं झबलं चढवलंत होय? म्हणून मी सगळा रंग काढायचा ठरवलं. त्यांच्या पद्धतीनेच. लोखंडी तारेचा ब्रश लावायचा नाही, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि नव्या रंगातून गंजाचे ठिपके वर येतात. आणि जेवढा पत्रा दिवसभरात उघडा कराल तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लावायचा, कारण उघड्या पत्र्यावर हवेनेच एक न दिसणारा थर धरतो आणि मग वरचा रंग टिकत नाही. तुला हे पाठ असेल. किंवा नसेलही, तू कंटाळून पळून जायचास आणि बाबा मला म्हणायचे, जाऊ दे त्याला, तो ठोकण्यातला आहे, आपण घासण्यातले. सायकल ठोक, दार ठोक, शेजाऱ्यांची स्कूटर ठोक, आणि मोठेपणी गाड्यांचे पोचे काढायचं गॅरेज टाक. तुझ्या गॅरेजच्या पाटीकडे बघून बाबा केवढे हसले होते, घरातल्या घरातच पहिलं गिऱ्हाईक मिळालं की, म्हणून.

तळाला हात घालण्याआधी होडी आतून धुवून घेतली. स्टँडवर ती मागे कललेली आहे, त्यामुळे साबणाचं पाणी मागच्या कोपऱ्यात जमा झालं आणि तिथेच राहिलं. मी उभी राहून वाट पाहत होते. माझ्या हिशेबी ते आपोआप वाहून जायला हवं होतं, कारण तिथलं पाणी काढायचं भोक उघडं होतं. निदान आपण सगळे तसंच समजून होतो. हात घालून पाहिलं तर बूच जागेवर होतं. घट्ट. पान्याला कापड गुंडाळून फिरवावं लागलं. निघालं तेव्हा आट्यांवर पांढरी टेप होती आणि टेपचं टोक दुमडलेलं, पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून. अशी टोकं आपल्या घरात एकच माणूस दुमडायचा.

मी लगेच तुझ्यावर संशय घेतला असं समजू नकोस. मी स्वतःलाच चार ठिकाणी अडवलं. बुडालेली होडी तळ्यातून वर काढल्यावर तूच ते परत बसवलं असशील असंही म्हणून पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन आईचा खण उघडला. ती बुडाली त्या सकाळी काठावर तू तळहातावर ठेवून सगळ्यांना जे बूच दाखवलंस, ते आईने अजून तिथे जपून ठेवलंय. ते कोरं आहे, ठोक्या. आट्यांना टेपचा मागमूस नाही, घासल्याची खूण नाही. बाबांच्या डब्यात जादाचं एक बूच असायचं, ते हे.

मग ओळखीचा प्लंबर आणि त्याच्या मेहुण्याला बोलावून होडी पालथी करून घेतली आणि नाकापासून खरवडत आले. डाव्या बाजूला, पाण्याखाली राहणाऱ्या भागात, खरवडणी एकदम मऊ चालली. निळ्याखालून गुलाबी भुकटी निघू लागली. तुझ्या गॅरेजमध्ये गाड्यांच्या पोच्यात भरतात ती लांबी. लांबीखाली बाबांनी मारलेला शेवटचा रंग होता, म्हणजे ती नंतरची. आणि पत्र्याला हातभर चीर. वाटलं, होडी बुडाल्यावर तू शहाण्यासारखी दुरुस्ती केली असशील, सांगायचं राहून गेलं असेल. पण लांबीची एक कड सुटली होती आणि तिच्या मागे, पार आतपर्यंत, तळ्यातला गाळ वाळून बसला होता. होडी बुडाली तेव्हा लांबी आधीच तिथे होती. त्याच्या आधीच्या रविवारी तू मित्रांना घेऊन होडी नेली होतीस. पलीकडच्या खडकांवर ठोकली असशील. एवढं तर आम्ही हसण्यावारी नेलं असतं.

त्या सकाळी बाबा आईला घेऊन निघाले, आणि अर्ध्या तासात दोघं कंबरभर पाण्यात उभी होती. आईचे ओठ निळे पडले होते. तू मुठीतून ते बूच काढलंस आणि म्हणालास, बाबा, हे काठावर पडलं होतं, तुम्ही लावायलाच विसरलात, आज आईला घालवली असती तुम्ही. मला सगळ्यात काय आठवतं सांगू? ते भांडले नाहीत. ओल्या खिशात पुन्हा पुन्हा हात घालून चाचपत राहिले आणि म्हणाले, लावलं होतं रे, मला वाटतं लावलं होतं. त्या 'मला वाटतं'वर आपण त्यांचा सगळा कारभार काढून घेतला. शेडची किल्ली तू मला मागायला लावलीस. ताई, तू सांग, तुझं ऐकतात. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. पुढे गॅस, औषधं, बँक, एकेक करून सगळंच. शेवटच्या आजारातही ते मला विचारत होते, मी खरंच विसरलो का गं? आणि मी त्यांचं पांघरूण सारखं करत म्हणायचे, जाऊ द्या ना बाबा आता. तू तिथेच खुर्चीत बसलेला असायचास. तेव्हा तुला एकदा तरी बोलावंसं वाटलं का, हे मला कळत नाही. वाटलं असेल असंच मी धरून चालले आहे, नाहीतर पुढे लिहिताच येणार नाही.

यातलं मी काहीच काढलं नसतं कदाचित. बाबा गेले, तू माझा एकुलता भाऊ आहेस, चिरीवर पत्रा बसवता येतो. पण हल्ली आई चहा ठेवला की गॅसपाशी उभीच राहते, हलत नाही. काल तिला चष्मा सापडेना तर तो मी बघायच्या आत सापडावा म्हणून ती दार लावून शोधत होती. मी आत गेले तर म्हणाली, विसरले नाही गं मी, इथेच ठेवला होता, माझ्या किल्ल्या नका काढून घेऊ. विसरणाऱ्या माणसाचं आपण काय करतो ते तिने पाहिलंय. तिचा नवरा विसरला नव्हता, हे तिला कळायला हवं, आणि ते माझ्या तोंडून नको. माझ्या तोंडून ती चहाडी होईल. तू ये आणि तिच्यासमोर बसून सांग, म्हणून हे पत्र. बूच मी पुसलेलं नाही, टेपसकट तुझ्यासाठी ठेवलंय. बाकी तळाला प्रायमर लागेल. ती चीर मात्र तू येईपर्यंत उघडी राहील. पोरीला होडीत बसवायचं ते त्यानंतर बघू.

अजूनही तुझीच,
ताई

उद्या: प्रायमरआधी चिरीभोवती चिकटपट्टी लावून घेणे.