ओट्याचं माप

३ नोव्हेंबर
समोरचा राजकुमार मोकळ्या जागेत ट्रॅक्टरचं गॅरेज टाकतोय म्हणे. आमच्या ओट्याच्या अगदी पुढ्यात! प्रयागचे गुडघे गेल्यापासून तिचं सगळं जग म्हणजे हा ओटा. सकाळपासून तिथेच — भाजी निवडते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकते. माझ्या बायकोनं आता दिवसभर हातोडे ऐकायचे, धूर खायचा? मी असेपर्यंत नाही.

५ नोव्हेंबर
हरकतीचा अर्ज दिला. मजकूर माझा; तेलंगणात अर्ज तेलुगूत लागतो, ते भाषांतर आमच्या दुकानातल्या प्रवीणनं केलं. नियम मीच हुडकला — गॅरेजला वीस फुटी रस्ता लागतो. आमची गल्ली सतराच! किराणा विकता विकता माणूस वकील होतो. वाटेत राजकुमार भेटला. "काका, पोटावर काऊन पाय देता?" मी पुढे निघालो.

११ नोव्हेंबर
घरपट्टीसाठी नव्यानं मोजणी सुरू. गल्लीत पळापळ. उत्तमरावांनी नव्या खोलीत शेळ्या बांधल्या — "कोठा हाय म्हनून सांगतो." वर मलाच सल्ला, "तुमीबी मागची खोली झाका." मी काय चोर आहे?

१२ नोव्हेंबर
मोजणीवाला नागेश आला. मागची खोली, माळा, सगळं दाखवलं. ओटा मात्र तो सोडून चालला होता. "काका, अरुगु छोडो ना." ओट्याला तेलुगू लोक अरुगु म्हणतात. छोडो कशाला? गल्लीत असा शहाबादी फरशीचा ओटा दुसरा नाही. टेप त्याच्या हातून घेतली, दुसरं टोक स्वतः धरलं, लिहायला लावलं. खाली ठसठशीत सही केली. सगळी गल्ली बघत होती. छाती भरून आली.

१३ नोव्हेंबर
दुकानात गर्दी. बाकी काही नाही.

२४ नोव्हेंबर
हरकतीची सुनावणी. साहेबांनी माझ्याच सहीचं माप माझ्यापुढे सरकवलं. आमची हद्द भिंतीपाशी संपते. ओटा पुरा तीन फूट गल्लीत.

गल्ली सतरा फुटांची माझ्यामुळे!

घर बांधताना गवंड्याला मीच म्हणालो होतो, जरा पुढे घे, चार माणसं ऐसपैस बसू देत. आज आठवलं. याआधी कधीच आठवलं नाही, हेही खरं.

राजकुमार हसला असता तर बरं झालं असतं. तो साहेबांना म्हणाला, "ओटा राहू द्या साहेब. काकू बसतेत तिथं. मी दुसरीकडं जागा पाहतो." माझ्यावर दया! निकाल पुढच्या आठवड्यात. घरी कसा आलो ते माझं मला माहीत.

२५ नोव्हेंबर
प्रयागला सांगितलं. वाटलं, रडेल. मेथी निवडता निवडता थांबली.
"म्हंजे इतके वर्स मी लोकायच्या रस्त्यावर बसून राह्यली?"
"तो राहू द्या म्हणतो."
"तो कोन राहू द्या म्हननारा? फोडा."
मला वाटायचं, या घरात ताठ मान फक्त माझी.

२७ नोव्हेंबर
ओटा फोडला. पहिला घाव प्रयागनं घातला, उंबऱ्यात बसून. संध्याकाळी टेप लावली. गल्ली वीस फूट भरली. राजकुमारचं गॅरेज आता कोणी अडवू शकत नाही, मीसुद्धा.