हात तू कर, पण तेलातच

सर, मी तेलरंग सोडले. आता तुम्ही उलटून बोलू शकत नाही, म्हणून सांगायला मजा येतेय. इथे आखातात, दोहा शहरात, अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या बहुतेक महिने बंदच असतात आणि एसी चालू. टर्पेंटाइनची बाटली उघडली की शेजारीण दार वाजवायची, "गॅस लीक है क्या?" आणि लेक नाक दाबून म्हणायची, "आई, आय कान्ट ब्रीद." तिला दमा आहे. इथल्या लोकांसारखं "यल्ला, खलास", चला, संपलं म्हटलं, ट्यूबा कचऱ्यात टाकल्या आणि अ‍ॅक्रिलिक आणले. पाण्यात कालवायचे, बघता बघता वाळतात, ब्रश नळाखाली धुवायचा. हे इतकं सोपं असतं हे तुम्ही आम्हाला कळूच दिलं नाहीत.

नाशिकच्या तुमच्या क्लासात एका मुलीने अ‍ॅक्रिलिकची पेटी आणली, तेव्हा तुम्ही ती सगळ्यांदेखत उचलून दाराबाहेर ठेवलीत. "बाई, प्लॅस्टिकच फासायचंय तर बादल्या रंगव." ती रडली, आम्ही हसलो. काय तो रुबाब! आणि स्वतः काय रंगवत होतात? पुढाऱ्यांचे फोटो समोर ठेवून त्यांचे गुलाबी गाल. वर ऐकवायचं, तेल माणसाला थांबायला शिकवतं म्हणून. तुम्हाला आम्हाला थांबवून ठेवायला आवडायचं, एवढंच. तुमच्या शिष्टपणाला मी विद्वत्ता समजले, याचा मला आजही संताप येतो.

लग्न होऊन इकडे निघाले तेव्हा तुम्ही माझंच पोर्ट्रेट दिलंत. चेहरा पूर्ण, हातांच्या जागी कोरा कॅनव्हास. "हात तू कर, पण तेलातच." निरोप देतानाही हुकूमच. गेल्या महिन्यात ते बाहेर काढलं आणि हात अ‍ॅक्रिलिकमध्ये केले. छान झाले, तुम्ही काढलेल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी जिवंत. मग हुरूप आला. तो तुपकट चेहराही झाकून टाकला आणि त्यावर माझा आताचा काढला, चष्म्यासकट. काही दिवसांनी कडेला नख लागलं आणि दुधावरची साय निघावी तसा माझा चेहरा अखंड सोलून हातात आला. खाली तुमचं काम जसंच्या तसं, ओरखडाही नाही. नवरा हळहळला, "अगं, एवढी मेहनत वाया गेली." मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे धाडणार? म्हणून त्याला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. तेलावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, हे मला ब्रश उचलण्याआधीच माहीत होतं.