क्रोकोला साखर आवडत नाही

अण्णा, "अर्धा शब्द बोलायचा असेल तर तोंड उघडू नकोस," असं तुम्ही मला म्हणाला होतात. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. तुमच्या शाळेचे हेडमास्तर पहिल्यांदाच आपल्या घरी आले होते आणि आईने शेजारून कपबशा मागून आणल्या होत्या. भिंतीवरच्या तक्त्यातल्या मगरीला मी मगू म्हणायचे. आईही म्हणायची, लवकर जेव, नाहीतर मगू येऊन जेवून जाईल. हेडमास्तरांनी तक्त्यावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं, आणि मी आनंदाने मगू सांगितलं. ते हसले. "असू द्या गुरुजी, तुमच्या लोकांत असंच बोलत असतील." तुम्हीही हसलात. कप भरलेलाच ठेवून ते गेले. मग तुम्ही मला तक्त्यासमोर उभं केलंत आणि मगर, मगर म्हणायला लावलंत, माझा घसा बसून आईने मला उचलून आत नेईपर्यंत.

ते तुम्हाला बोलले होते, मला नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वस्तीतून शिकून मराठीचा शिक्षक झालेल्या माणसाला ते किती लागलं असेल, हेही कळलं. कळल्याने राग गेला नाही. त्यांना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला बोललात.

इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्ये मगरीला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. क्रोकोडील हा शब्द प्राणिसंग्रहालयाच्या पाटीवर, बाकी सगळीकडे क्रोको. किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, दात घासायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांच्या हातातली कापडी मगर क्रोको. माझ्या ऑफिसातली एक बाई आपल्या खवल्याखवल्यांच्या पर्सलाही क्रोकोच म्हणते, आणि ती डॉक्टरेट झालेली आहे, अण्णा. तिला कुणी भिंतीसमोर उभं करत नाही.

तुमची नात पाच वर्षांची होत आली तरी किटामध्ये बोलत नव्हती. घरी माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये, तेही एखाददुसरा शब्द. अशीच गप्प राहिली तर शाळा वर्षभर पुढे ढकलावी लागेल, असं तिच्या शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी तिला आणायला जाते, तर बूट चढवता चढवता ती बोलतच सुटलेली. क्रोकोचे दात तिने स्वतः घासले, मागचेसुद्धा. क्रोको चावला नाही. "आई, क्रोको माग काइनन त्सुकर." क्रोकोला साखर आवडत नाही. दारात उभी असलेली शिक्षिका हातातलं काम सोडून ऐकत होती. "गेनाऊ," ती हलकेच म्हणाली. अगदी बरोबर.

पण 'मगर म्हण' हे माझ्या ओठांपर्यंत आलं, आणि येताना ते तिला दिसलं असावं. ती मध्येच थांबली. माझ्याकडे बघत तिने विचारलं, "फाल्श?" चुकलं का?

नाही गं राणी, क्रोकोच, असं मी म्हटलं, जवळ घेतलं, दोनदा क्रोको क्रोको म्हणूनही दाखवलं. उपयोग झाला नाही. आता ती बोलते, पण शब्द काढायच्या आधी माझा चेहरा वाचते, जसा मी तुमचा वाचायची. शिक्षिका म्हणते, पुष्कळ सुधारणा आहे. मी मान डोलावते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी मघाशी मी सगळे ऱ्हस्वदीर्घ तपासले. अण्णा, आई म्हणायची, मी अगदी तुमच्यावर गेले आहे, कपाळापासून हनुवटीपर्यंत. ती मुलगी बोलत असेल तेवढा वेळ माझ्या चेहऱ्यावरून बाजूला व्हा. तुम्ही होणार नाही, मला माहीत आहे. तरी मागते.