रॅकची पाठ

५ ऑक्टोबर १९६९
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
भुसावळहून ट्रकने यंत्र आलं. पन्नास लाइनींचं ऑटोमॅटिक टेलिफोन एक्स्चेंज, एका लोखंडी रॅकमध्ये. माझ्यापेक्षा दोन हात उंच. वर रिले, मध्ये सिलेक्टर, खाली फ्यूज. अर्ध्या तासात सगळं समजलं. पाडव्याला चालू झालं की इनचार्ज मीच. मेकॅनिक दुसरा आहे कोण? जुन्या बोर्डावर प्लग खुपसणाऱ्या सुगंधाबाईंचं मात्र वाईट वाटतं. अठरा वर्षांची नोकरी. त्यांना यंत्राची धूळ पुसायचं काम देईन.

७ ऑक्टोबर
नकाशात रॅक खोलीच्या मधोमध. मागे तीन फूट मोकळे! साहेब लोकांना जागेची किंमत नाही. इंदरचंदशेठ दुकान सोडून बघायला आले. म्हणाले, किमती वस्तू तिजोरीसारखी ठेवावी, पाठ भिंतीला, तोंड उत्तरेला. तीन पिढ्यांचा अनुभव. पटलं. शिवाय समोर इनचार्जच्या खुर्चीला जागा होते.

१० ऑक्टोबर
हिलाल मिस्त्रीने रॅक भिंतीला चिकटवून पाय सिमेंटात गाडले. "आते भूकंप उना तरी हालाव नही," म्हणाला. नारळ फोडला. सुगंधाबाईंनी चहा पिताना विचारलं, "भाऊ, मांगे हात कसा जाई?" हसलो. यंत्राच्या मागे हात घालायचाच कशाला?

१८ ऑक्टोबर
वायरिंग सुरू. पुढच्या बाजूला वायर जोडायची जागाच नाही. कारखान्याची चूक असावी.

१९ ऑक्टोबर
जागा सापडली. मागे आहे. सगळी.

२१ ऑक्टोबर
युक्ती! बायकोचा आरसा आणि हिचीच सांडशी. दिवसाला दोन वायरी होतात. दोनशे चार उरल्या. पाडव्यापर्यंत वेग वाढवायचा.

२४ ऑक्टोबर
हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर येईना. पाऊण तास. सुगंधाबाई एका हाताने बोर्ड सांभाळत होत्या, दुसऱ्याने माझ्या दंडाला तेल चोळत होत्या. कुणाला सांगणार नाही म्हणाल्या. पण लाइनवर शेठ होते. संध्याकाळपर्यंत बातमी पार पहूरला पोहोचली. तिथून फोन आला, हात कसा आहे?

२ नोव्हेंबर, सकाळी
जळगावहून साहेब आले. रॅककडे बघितलं, नकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पायाच्या मजबुतीकडे लक्ष वेधलं. हिलालने पहार लावून पाहिली. रॅक तसूभर हलला नाही. काम चोख आहे, हे साहेबांनाही मान्य करावं लागलं.

दुपारी
तोडगा निघाला. रॅक राहू द्यायचा, मागची भिंत फोडायची. भिंतीपलीकडे माझ्या क्वार्टरचं स्वयंपाकघर आहे.

३ नोव्हेंबर
फोडली. यंत्राची पाठ आता हिच्या चुलीसमोर. धुरावाफेने रिले खराब होतात, म्हणून साहेबांनी स्वयंपाक बंद केला. ही जामनेरला माहेरी गेली. दिवाळीला जायचीच होती, असं धरतो.

१२ नोव्हेंबर
पाडव्याला एक्स्चेंज चालू झालं. शेठनी पहिला नंबर फिरवला, लागला. टाळ्या मी स्वयंपाकघरातून ऐकल्या. ओवाळायला घरात कुणी नव्हतं.
इनचार्ज सुगंधाबाई. कुणाची लाइन कुठली हे त्यांनाच पाठ, असं साहेब म्हणाले. माझ्याकडे मागची बाजू, म्हणजे वायरी आणि धूळ. खरं तर महत्त्वाची बाजू तीच.
आज जामनेरला ट्रंक कॉल मागितला. तो अजून सुगंधाबाईच जोडून देतात. हिने एकच विचारलं, भिंत बांधली का? नाही म्हटल्यावर फोन ठेवला. फार एकटं वाटलं. रिले टकटकत होते, तेवढीच सोबत.
जरा वेळाने रॅकच्या फटीतून एक भाकरी पुढे आली. वर ठेचा. पलीकडून सुगंधाबाई म्हणाल्या, "भाऊ, आते हात जास का?"
जातो, म्हटलं. आणि भाकरी घेतली.