मख्ख चेहऱ्याचे मंगळवार

मंगळवार, ३ मार्च

नवी वही. कारण एकच, पुरावा. एकतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडले. त्या क्षणी लिहिलेलं तेवढं खरं, नंतर आठवलेलं सगळं बनावट, हे तिथे शिकलो. तेव्हा पत्त्यांत चांगली पानं आली की तिथल्या तिथे, वेळ घालून, नोंद करायची. हॉलिस प्रुएट नशिबाने जिंकला असं उद्या कुणी म्हणायला नको.

'सिल्व्हर लँटर्न' क्लबमध्ये साठीच्या पुढच्यांची पोकरची स्पर्धा, दर मंगळवारी सकाळी दहाला. आठ आठवड्यांच्या गुणांवर नऊ जण २८ एप्रिलच्या फायनलला. त्यातले पहिले तिघे जूनमध्ये लास व्हेगसला, मोठ्या स्पर्धेत.

लोरेटाशी करार झाला आहे. व्हेगस मिळालं नाही तर पोकर बंद, आणि मंगळवारी सकाळी तिच्याबरोबर तरणतलावात, पाण्यातल्या व्यायामाला. तिथे चौदा बायका आणि एक निवृत्त पाद्री असतात. मी लगेच हो म्हटलं. जन्माची जोडीदार, तिला घाबरवण्यात काय अर्थ.

१०.४० – दोन राजे. चेहरा मख्ख.

१०.४१ – सगळ्यांनी पानं टाकून डाव सोडला. हाती चिल्लर. योगायोग.

मंगळवार, १० मार्च

११.१५ – एक्क्यांची जोडी.

११.१६ – सगळ्यांनी टाकली. विल्मा ट्रॅस्कने तर राण्यांची जोडी उलटी करून दाखवली आणि टाकली. वय ७९, मांडीवर विणकाम. राण्या कोण टाकतं?

दुपारी हातात काही नसताना मोठा आव आणला. विल्माने विणकामावरून नजरही न उचलता माझ्याइतक्याच चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, मध्ये सरकवल्या आणि जिंकली. कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, १७ मार्च

संशयित क्रमांक एक: गस, पत्ते वाटणारा. मला चांगली पानं आली की खोकतो. मोजलं. नऊ खोकले, त्यातले दोन माझ्या चांगल्या पानांवर. लोरेटा म्हणाली, बाकीचे सात? बायकांना तपास कसा करतात ते माहीत नसतं.

संशयित क्रमांक दोन: माझ्या मागचं केकचं काचेचं कपाट. त्यात पानं दिसत असणार. मॅनेजरला सांगून जागा बदलून घेतली. नव्या जागी दोन राजे आले, नोंद केली, सगळ्यांनी टाकली. म्हणजे कपाट निर्दोष. केकही बरा असतो.

रविवार, २९ मार्च

जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोरेटाबरोबर सराव. खिम्याचा मीटलोफ उत्तम. अकरा वेळा मला भारी पानं आली, अकरा वेळा नोंद केली, अकरा वेळा तिने हसत पानं खाली ठेवली. का, म्हणून विचारलं तर म्हणे, सहज वाटलं. नवशिक्याचं नशीब म्हणतात ते हेच. तिला पत्त्यातलं काही कळत नाही.

मंगळवार, ७ एप्रिल

काळा चष्मा घेतला. डोळ्यांतून काही फुटत असेल तर ते बंद. बदाम आणि इस्पिक एकसारखेच दिसतात, ही छोटी अडचण. पाचही पानं बदामाची समजून खेळलो, निघाली पाचही इस्पिकची. तरी जिंकलो. याला म्हणतात कौशल्य.

विल्माची लोकर गेल्या आठवड्यात लाल होती, आज निळी. लिहून ठेवतो.

मंगळवार, १४ एप्रिल

लाल लोकर नातवाच्या टोपीची होती, टोपी संपली म्हणून निळी घेतली, असं विल्मा आपणहून सांगत होती. न विचारता खुलासा करणारा माणूस मी एकतीस वर्षांत कधी निर्दोष पाहिला नाही.

११.५० – चार गुलाम. चार!

११.५१ – सगळ्यांनी टाकली. गाडीत बसून जरा वेळ एकटाच राहिलो.

मंगळवार, २१ एप्रिल

फायनलला निवड. नववा. दंतवैद्य अर्लची कंबर धरली म्हणून त्याने नाव मागे घेतलं, पण त्याचा याच्याशी संबंध जोडायचं कारण नाही.

मंगळवार, २८ एप्रिल, सकाळ

छडा लागला. कुणीतरी माझी वही वाचतंय, खांद्यावरून. दुसरा मार्गच उरत नाही. आज वही गाडीत राहणार. नोंदी मनात.

दुपारी १.०५, मधली सुट्टी

काय सांगू! तीन तासांत पाच जण बाहेर. माझ्या राजांवर दोघांनी पैज लावली, माझ्या एक्क्यांवर विल्माने. काही हातात नसताना दटावलं तर मुकाट्याने सोडलं सगळ्यांनी. विल्माच्या विणकामाचे टाके सुटले, चार वेळा माझ्याकडे बघितलं. हा सगळा चष्म्याचा प्रताप. चौघे उरलो आहोत, जागा तीन, माझ्या चिप्स दुसऱ्या क्रमांकावर.

लोरेटा अंड्याचं सँडविच घेऊन आली, आणि गाडीतून वही.

"ही राहिली होती बघ. एवढे दिवस पुरावा जमवलास, आजच्याच दिवशी नको?"

या सगळ्या जगात माझ्या बाजूची ती एकटी. तिचं मन कसं मोडणार. मांडीवर ठेवतो, टेबलाच्या खाली.

१.२० – दोन एक्के.

१.२१ – तिघांनी टाकली.

१.३४ – दोन राजे.

१.३५ – तिघांनी टाकली.

दुपारी २.३०, गाडीत

चौथा.

सत्ती आणि दुर्री होती. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. सगळ्या चिप्स मध्ये ढकलल्या, चेहरा मख्ख. विल्माने पंजींच्या जोडीवर क्षणात 'मी आले' म्हटलं आणि तेवढ्याच चिप्स सरकवल्या. तिच्या चिप्स माझ्याहून जास्त. माझं काहीच उरलं नाही.

हात मिळवताना मी तिला सरळ विचारलं, कसं केलंत. तिने सुया बाजूला ठेवल्या.

"हॉलिस बाळा, तू वही उघडलीस की मी पानं टाकते. नाही उघडलीस की खेळते. दुसरं मला काही येत नाही. आज सकाळी वही दिसेना तेव्हा माझा जीव घाबरा झाला होता."

आणखी कुणाला ठाऊक होतं, असं विचारलं. गस खोकला. तो खोकला नव्हता, हसू होतं.

बुधवार, २९ एप्रिल

वही पहिल्या पानापासून तपासली. टेबलावरच्या सव्वीस नोंदी. सव्वीसही वेळा सगळ्यांनी टाकली. पुरावा पक्का आहे, कुठल्याही कोर्टात टिकेल. फार वाईट वाटलं. सूपही अर्धंच प्यायलो. लोरेटाने डोक्यावरून हात फिरवला.

मंगळवार, ५ मे

पाणी थंड. पाद्रीबुवांनी जागा करून दिली. शिक्षिकेने वही काठाच्या पलीकडे, बाकावर ठेवायला लावली. कपडे बदलताना लिहितोय.

दारात माझं ओळखपत्र तयारच होतं. हॉलिस प्रुएट, मंगळवारचा वर्ग, पैसे भरल्याची तारीख २० एप्रिल. फायनल २८ला होती.

सवयीने दोनदा वाचलं. लोरेटाला विचारणारही होतो. पण ती पाण्यात दोन्ही हात वर करून मला बोलावत होती, लग्नानंतर इतकी खुशीत क्वचितच पाहिली असेल. राहू दिलं. तारीख टाकणाऱ्याची चूक असणार. ती बिचारी वही घेऊन आली ती माझ्या भल्यासाठीच. तिला पत्त्यातलं काही कळत नाही.