सोसायटीची राई

वाशी,
ता. २० मे १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात तू पाठवलेली करंज, ऐन, जांभूळ आणि एका वडाची रोपं मी सोसायटीच्या मागच्या जागेत हात-हात अंतरावर लावली, तेव्हा तू मला वेडी म्हणालास. आता ती कमरेएवढी झालीत! वड तर खांद्याला लागला.

पण भारी टेन्शन आहे. आमचे सेक्रेटरी सावे यांना तिथे स्कूटरी लावायच्यात. जुलैच्या सभेत मतं घेणार. फ्लॅट पुरुषांच्या नावावर, म्हणजे मतंही त्यांचीच. माझी राई जाणार रे! वहिनीला नमस्कार, बाळांना पापा.

तुझी,
नंदू

देवरुख,
ता. २८ मे १९८४

चि. सौ. नंदिनीस,
अ. उ. आ.

अगं, आम्ही आंब्याची कलमं तीस फुटांवर लावणारी माणसं! तुझी दाटी बघून मला वाटलं, झाडं एकमेकांच्या उरावर बसतील. पण आपल्या देवीच्या राईत तरी अंतर मोजायला कोण गेलं होतं? तेव्हा वेडा मीच. सावेंशी भांडू नकोस, जेवायला बोलाव. तुझ्या सोलकढीने पाहुणा मवाळ होतो, असं तुझी वहिनी म्हणते. जावईबापूंना नमस्कार. आमची माया आहेच.

तुझा,
दादा

वाशी,
ता. १५ जून १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला! परवा वटपौर्णिमा. घरचा वड असताना बाजारातून फांद्या कशाला आणायच्या, म्हणून बायका पहाटेच मागे गेल्या. प्रत्येकीने एकेक फांदी मोडून नेली आणि घरी पाटावर पुजली. मी खाली आले तो नुसता सोटा उभा. तिथेच बसून रडले.

मग माझं डोकं फिरलं. सगळ्यांना ऐकवलं की ज्याच्यापाशी नवऱ्याचं आयुष्य मागता, त्याचीच मान मुरगळलीत! सावेवहिनींनी सगळ्यांत मोठी फांदी नेली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सभेची आशा सोडली आहे. तूच धीर दे.

तुझी,
नंदू

वाशी,
ता. २ ऑगस्ट १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! जिंकलो रे दादा!

माझ्या त्या बोलण्याने सगळ्यांनी धसका घेतला. वड वाळला तर नवऱ्याचं काही खरं नाही, असं ज्या-त्या घरात सुरू झालं. बायका भर पावसात बादल्या घेऊन वडाला पाणी घालायला यायच्या. मुळं कुजतील म्हणून त्यांना आवरताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी पालवी फुटली, तेव्हा सावेवहिनींनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

सभेत सावेंनी स्कूटरींचा विषय काढला मात्र, मागून वहिनी उभ्या राहिल्या. आपलं कुंकू त्या वडाशी बांधलंय, तिथे स्कूटर काय, विमान आणलंत तरी जागा मिळणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. हात वर करायला सांगितलं तर सगळे पुरुष बायकांकडे बघत राईच्या बाजूने! सावेंचाही हात वर. मी हसत होते आणि रडतही होते.

आता पुढच्या मोकळ्या जागेतही राई लावायचं ठरलं. लवकर रोपं पाठव. ऐन, किंजळ, करंज, काहीही चालेल, पण वड मात्र बावीस पाठव. प्रत्येकीला आपापला हवाय.

तुझी आनंदी,
नंदू